फोटोवर बोट ठेवलं की आवाज: पॉवरपॉइंट, गुगल स्लाइड्स की साधं वेबपेज?

समजा मुलांसाठी पक्ष्यांचा स्लाइडशो करायचाय. तांबटाच्या फोटोवर क्लिक केलं की त्याचं टुक टुक ऐकू यावं, पावशावर केलं की "पेर्ते व्हा", आणि जमलंच तर स्लाइड बदलताना बारीकसा टिक. काम एवढंच, पण कशात करायचं हे ठरवण्याआधी तो शो वाजणार कुठे ते ठरवा, शाळेतल्या एकाच लॅपटॉपवर की घरोघरच्या मोबाइलवर, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो, फीचर्स नंतर बघा.

एकच लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि नेटचा भरवसा नाही, असं असेल तर सरळ पॉवरपॉइंट. इन्सर्टमधून ऑडिओ टाकायचा, त्याच्या प्ले ॲनिमेशनला ट्रिगर (म्हणजे कशावर क्लिक केल्यावर वाजायचं ते) लावायचा आणि ट्रिगर म्हणून पक्ष्याचा फोटो निवडायचा, स्पीकरचं चिन्ह स्लाइडच्या बाहेर सरकवून ठेवलं की झालं. एका स्लाइडवर सहा पक्षी असतील तर सिलेक्शन पेनमध्ये (स्लाइडवरच्या वस्तूंची यादी) प्रत्येक फोटोला आधी नाव द्या, नाहीतर पिक्चर 7 आणि पिक्चर 12 मधली टिटवी कुठली हे शोधत बसाल. ट्रान्झिशनला (स्लाइड बदलतानाचा इफेक्ट) किंवा ॲक्शनला (क्लिकवर काय घडावं ते सेटिंग) लावायचा आवाज मात्र वेव्ह फाइलच लागते, तिथे एमपीथ्री घेत नाही, आणि बरेच जण इथेच अडकून "आवाज येत नाही" म्हणत बसतात. मुलं हमखास फोटोच्या बाजूला क्लिक करतात आणि स्लाइड पुढे पळते, म्हणून ट्रान्झिशनमधलं ऑन माऊस क्लिक काढून टाका आणि पुढे-मागे जायला स्वतःची बटणं करा. 2010 च्या आवृत्तीपासून टाकलेला ऑडिओ फाइलमध्येच बसतो, त्यामुळे पेनड्राइव्हवर एक फाइल नेली तरी पुरतं.

गुगल स्लाइड्स मला या कामासाठी दुबळंच वाटतं. ऑडिओ टाकायची सोय तिथे 2019 मध्ये आली, ती पण फाइल आधी ड्राइव्हवर चढवायची, आणि शो शेअर केला पण ऑडिओ फाइल शेअर करायची राहिली की समोरच्याकडे सगळं मुकं. फोटोला ट्रिगर लावता येत नाही, स्पीकरच्या चिन्हावरच क्लिक करावं लागतं (त्या चिन्हाच्या जागी फोटो बसवायची एक युक्ती आहे, चालते). ट्रान्झिशनचा आवाज नाहीच. चार शिक्षक वेगवेगळ्या गावांतून एकत्र बनवणार असतील आणि नेट चांगलं असेल तरच याच्या वाटेला जा.

लोक आपापल्या फोनवर बघणार असतील तर वेबपेज. थोडं कोड लिहावं लागतं पण मोकळीक सगळ्यात जास्त इथेच. पहिली अडचण ऑटोप्लेची, ब्राउझर माणसाने काहीतरी दाबल्याशिवाय आवाज वाजवू देत नाहीत, क्रोमने ऑडिओ-व्हिडिओसाठी हे 2018 मध्ये लागू केलं. म्हणून सुरुवातीला "चला ऐकूया" असं मोठं बटण ठेवायचं आणि त्याच टॅपवर ऑडिओ चालू करून घ्यायचा. दुसरी अडचण उशिराची. वेबपेजमध्ये आवाज टाकायचा साधा ऑडिओ टॅग लांब आवाजाला ठीक आहे, पण पोरं एकाच फोटोवर टपाटप टॅप करतात, तेव्हा दर वेळी करंट टाइम (आवाज कुठवर वाजलाय ते) शून्यावर आणून परत प्ले करावं लागतं, नाहीतर पहिला आवाज संपेपर्यंत काहीच होत नाही. छोट्या इफेक्टसाठी वेब ऑडिओ ही ब्राउझरमधलीच दुसरी सोय बरी, आवाज आधीच डिकोड होऊन मेमरीत बसतो आणि लगेच वाजतो. ते हाताने लिहायचं नसेल तर हाऊलर नावाची तयार कोडची फुकट लायब्ररी आहे. आयफोनवर ऑडिओ टॅगचा व्हॉल्यूम कोडमधून कमी होत नाही, तेव्हा सगळे आवाज आधीच सारख्या पातळीवर आणून ठेवा.

आणि आवाजच चुकीचा असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. कोकिळेचंच घ्या, कुहू कुहू करतो तो काळा नर, फोटो मात्र लोक ठिपकेवाल्या मादीचा लावतात! रेकॉर्डिंग्ज झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या वेबसाइटवर भरपूर मिळतात, पण प्रत्येकाचं लायसन्स वेगळं असतं, त्यात एनडी (नो डेरिव्हेटिव्ह्ज) लिहिलेलं असेल तर कापून-जोडून बदललेली आवृत्ती पुढे वाटता येत नाही. बाकीच्यांची सुरुवातीची शांतता ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये कापून टाका, अर्धा सेकंद रिकामा असला तरी मुलांना वाटतं फोटो दाबलाच गेला नाही. पार्श्वसंगीत टाकूच नका, त्यात पक्षी ऐकूच येत नाहीत.

लॅपटॉप आणि मोबाइल दोन्हीकडे हवं असेल तरी मी वेबपेजच घेईन, फक्त ते पेनड्राइव्हवरून थेट उघडणार असाल तर साधा ऑडिओ टॅग वापरा, कारण वेब ऑडिओसाठी कोडमधून फाइल फेच करायला (वाचून आणायला) गेलं की क्रोम तिथे अडवतो.