फुटेजची ओळख कुठे राहते? अ‍ॅविड, आयकॉनिक आणि रिसोर्सस्पेस यांतून निवड करताना

फुटेज साठवून ते हवं तेव्हा शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरला मीडिया अ‍ॅसेट मॅनेजमेंट, थोडक्यात मॅम, म्हणतात. त्यातलं कोणतं घ्यायचं याचा आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. बुलेटिन एकाच इमारतीतून जातं, पंधरा-वीस सीट मीडिया कंपोझर या अ‍ॅविडच्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर आहेत आणि कॅमेऱ्याचं कार्ड आल्यापासून अर्ध्या तासात पॅकेज ऑन-एअर लागतं, तर अ‍ॅविडचं मीडियासेंट्रल प्रॉडक्शन मॅनेजमेंट, म्हणजे जुनं इंटरप्ले, घ्या. रिपोर्टर नागपूर, नाशिक, कोल्हापूर असे विखुरलेले आहेत, एडिट अ‍ॅडोबीच्या प्रीमियरवर होतो आणि डिजिटल टीम घरूनही काम करते, तर आयकॉनिक. गरज मुख्यतः संग्रहाची आहे, पैसे मोजके आहेत आणि लिनक्स सांभाळणारा माणूस पगारावर आहे, तर रिसोर्सस्पेस.

याखेरीजही पर्याय आहेत. बातमीलेखन, रनडाऊन (बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम) आणि मॅम एकाच घरचं हवं असेल तर डॅलेट बघावं लागतं. अनेक चॅनेल आणि ओटीटीला माल पुरवायचा असेल तर मुंबईच्या प्राइम फोकस टेक्नॉलॉजीजचं क्लिअर. क्वांटमचं स्टोअरेज आधीच असेल तर त्यांचंच कॅटडीव्ही. पण मध्यम आकाराच्या मराठी न्यूजरूमसमोर किंवा प्रॉडक्शन हाउससमोर खरा प्रश्न बहुतेक वेळा वरच्या तिघांमधलाच असतो, म्हणून तुलना तेवढ्यांचीच.

फाइल हलली तर काय होतं

डेमोमध्ये सगळीच सॉफ्टवेअर चांगली दिसतात, कारण डेमोत फाइल जागची हलत नाही. न्यूजरूममध्ये ती रोज हलते. त्यामुळे विक्रेत्याला पहिला प्रश्न एकच विचारा: क्लिपची ओळख कुठे लिहिलेली असते?

अ‍ॅविडमध्ये ती फाइलच्या पोटात असते. मीडिया कंपोझर प्रत्येक ट्रॅकची एमएक्सएफ या व्यावसायिक स्वरूपातली वेगळी फाइल बनवतो. एक व्हिडिओ आणि चार ऑडिओ असलेला शॉट म्हणजे पाच फाइली, आणि त्या पाचांना बांधणारा क्रमांक त्यांच्या आतच असतो. कुणी फोल्डर इकडचं तिकडे केलं तरी इंडेक्सर त्या पुन्हा शोधून काढतो आणि क्लिप ऑनलाइन राहते. रोजच्या घाईत हा फार मोठा आधार आहे. याची दुसरी बाजू अशी की फाइलींची नावं माणसाला वाचता येत नाहीत. डिजिटल टीममधल्या कुणी घाईत एक्सप्लोररमधून मोठी फाइल दिसली म्हणून तेवढीच उचलली, तर हाती मुका व्हिडिओ येतो. बाहेर द्यायचं ते एक्सपोर्ट करूनच द्यायचं, हा नियम पहिल्या दिवशी भिंतीवर लावा. डिलीट करतानाही क्लिपची नोंद आणि मीडिया हे दोन वेगळे पर्याय असतात. फक्त मीडिया उडवलं की नोंद दिसते, पण टाइमलाइनवर लाल ‘मीडिया ऑफलाइन’ येतं.

आयकॉनिकमध्ये ओळख क्लाउडमधल्या नोंदीत असते. मूळ फाइल तुमच्याच नॅसवर (नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यावर) किंवा तुमच्याच क्लाउड बकेटमध्ये राहते. तिथे बसवलेला स्टोअरेज गेटवे फोल्डर चाळतो, प्रॉक्सी, म्हणजे कमी दर्जाची हलकी प्रत, बनवतो आणि वर पाठवतो. गेटवे चालणारं मशीन बंद पडलं तर नवीन क्लिप शोधात येत नाही, आणि दोष मात्र ‘सर्च बिघडला’ म्हणून सॉफ्टवेअरला दिला जातो. त्या मशीनला यूपीएस द्या आणि सेवा थांबली की फोनवर इशारा येईल अशी सोय करा. पावसाळ्यात फायबर तुटली तर मूळ फाइल शेजारच्या खोलीत असूनही सर्च बंद होतो. म्हणून दोन कंपन्यांच्या, दोन वेगळ्या रस्त्यांनी आलेल्या लाइन हव्यात. एकाच खांबावरून आलेल्या दोन लाइन म्हणजे एकच लाइन.

रिसोर्सस्पेसमध्ये दोन वाटा आहेत. फाइल अपलोड केली तर ती त्याच्या स्वतःच्या फाइलस्टोअरमध्ये जाते आणि तिथला मार्ग आकड्या-अक्षरांच्या गुंत्याचा असतो. म्हणजे डेटाबेसशिवाय त्या साठ्याचा उपयोग नाही, आणि मायएसक्यूएल या डेटाबेसचा रोजचा बॅकअप हा फुटेजच्या बॅकअपइतकाच महत्त्वाचा ठरतो. दुसरी वाट स्टॅटिकसिंकची: फाइली आहेत तिथेच राहतात आणि स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी चालून नोंदी करते. इथे ओळख म्हणजे फाइलचा मार्ग. ‘२०२४ जुने’ या फोल्डरचं नाव कुणी बदललं की नोंदीचा धागा तुटतो आणि हाताने भरलेली माहिती मागे राहते. या वाटेने जायचं असेल तर त्या शेअरवर लिहिण्याचा हक्क फक्त एका खात्याला द्या, बाकी सगळ्यांना वाचण्यापुरता.

| | अ‍ॅविड | आयकॉनिक | रिसोर्सस्पेस |
|---|---|---|---|
| ओळख | फाइलमध्ये | क्लाउडमधल्या नोंदीत | मार्गात किंवा डेटाबेसमध्ये |
| इंटरनेट गेलं तर | काम चालू | सर्च बंद | स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर चालू |
| रनडाऊनशी जोड | तयार | जोडणी करावी लागते | नाही |
| खर्च कशावर | हार्डवेअर, परवाने, वार्षिक करार | वापरकर्ते आणि वापर | सर्व्हर आणि माणूस |

आकडे मांडल्याशिवाय कोटेशन मागू नका

कॅमेऱ्याचं स्वरूप एक्सडीकॅम एचडी ४२२ धरू, सेकंदाला ५० मेगाबिट. तासाला व्हिडिओचे २२.५ जीबी आणि आठ ऑडिओ चॅनेल धरून साधारण २७ जीबी. दिवसाला १२ तास इन्जेस्ट (फुटेज आत घेणं) असेल तर ३२४ जीबी, वर्षाला सुमारे ११८ टीबी. प्रॉक्सी २ मेगाबिटची केली तर तासाला ०.९ जीबी, दिवसाला ११ जीबीच्या आत.

आयकॉनिकचा निर्णय याच दोन आकड्यांवर होतो. फक्त प्रॉक्सी पाठवायच्या असतील तर ५० मेगाबिटच्या अपलोडवर दिवसाचा माल अर्ध्या तासात चढतो. मूळ फाइलीही क्लाउडवर हव्या म्हटलं तर त्याच लाइनला जवळपास साडेचौदा तास लागतात, आणि त्याच लाइनवर ओबी व्हॅनचा थेट फीड चालू असेल तर दोन्ही अडकतात. त्यामुळे मूळ माल घरी आणि प्रॉक्सी वर, हीच मांडणी आपल्याकडे व्यवहार्य आहे. क्लाउडच्या सर्वांत स्वस्त थरात आर्काइव्ह ठेवण्याचा मोह टाळा. अ‍ॅमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हमधून फाइल परत यायला १२ तासांपर्यंत लागू शकतात. संध्याकाळी सातच्या बुलेटिनला तो शॉट नाही म्हणजे नाही.

ही यंत्रणा आणि ९० दिवसांचं रेकॉर्डिंग यांची गल्लत करू नका. प्रक्षेपित झालेला मजकूर ९० दिवस जपून ठेवणं चॅनेलला सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार बंधनकारक आहे. त्यासाठी वेगळा लॉगर असतो, कमी बिटरेटचा. तो भार मॅमवर टाकला की महागडं स्टोअरेज विनाकारण भरतं.

मराठीत शोधून बघा, मगच सही करा

विक्रेते सर्च दाखवतात तो इंग्रजीत. तुमचे स्लग (बातमीची छोटी नावं) आणि शॉटलिस्ट (शॉटच्या याद्या) मराठीत असतात आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

‘शेतकऱ्यांच्या’ हा एक शब्द घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. पहिला शब्द यूटीएफ-८ मध्ये ३९ बाइटचा होतो, दुसरा ४२ बाइटचा. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत. दुपारच्या शिफ्टने एका पद्धतीने लॉग केलं आणि रात्रीच्या शिफ्टने दुसऱ्या पद्धतीने शोधलं, तर उत्तर शून्य येतं आणि फुटेज नव्याने शूट करायला माणूस धावतो.

विभक्तीचं दुखणं वेगळंच. ‘शेतकरी’ शोधलं तर ‘शेतकऱ्यांचं आंदोलन’ सापडत नाही, ‘पुणे’ शोधलं तर ‘पुण्यात’ सापडत नाही. बहुतेक सर्च इंजिनांत हिंदीचे नियम तयार मिळतात. ते मराठीला लावले तर थोडं जमतं आणि बरंच फसतं. आकड्यांचंही तेच: देवनागरीतला १५ आणि इंग्रजी आकड्यांतला 15 सर्चला एकच वाटतील असं गृहीत धरू नका. जुन्या शॉटलिस्ट श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतील, नाहीतर डेटाबेसमध्ये निव्वळ चिन्हांचा कचरा जाईल.

इलाज सॉफ्टवेअर बदलून होत नाही, शिस्तीने होतो. मोकळी टिपणं असू द्या, पण ठिकाण, व्यक्ती, विषय आणि शॉटचा प्रकार ही चार खाती, म्हणजे माहितीचे रकाने, यादीतूनच निवडायची, टाइप करायची नाहीत. आषाढी वारीत पालखी दिवे घाट चढत असताना मागच्या वर्षीचा ड्रोन शॉट पाच मिनिटांत हवा असतो. लॉग करणाऱ्यांनी ‘दिवे घाट’, ‘दिवेघाट’, ‘माउली’, ‘माऊली’ असं जमेल तसं लिहिलं असेल तर तो मिळत नाही. यादीतून ‘ठिकाण: दिवे घाट’ आणि ‘शॉट: ड्रोन’ निवडलेलं असेल तर तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये तो चटकन निघतो. ही सोय तिघांतही आहे. रिसोर्सस्पेसमध्ये खाती आणि याद्या वाटेल तशा घडवता येतात, या एका बाबतीत ते महागड्यांच्या तोडीस तोड आहे. पण यादी राखायला एक माणूस लागतो. त्याचा पगार बजेटमध्ये धरलेला नसेल तर खरेदी पुढे ढकला.

फाइलच्या नावात मात्र देवनागरी नको. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ८५ चिन्हांत जागा संपते. नावात तारीख, युनिट आणि अनुक्रमांक एवढंच ठेवा. अर्थ मेटाडेटात (क्लिपसोबतच्या माहितीत) लिहा.

रनडाऊन

न्यूजरूम सिस्टीम आणि मॅम एकमेकांशी मॉस नावाच्या प्रोटोकॉलने, म्हणजे ठरलेल्या संगणकी भाषेत, बोलतात, सहसा १०५४० आणि १०५४१ या पोर्टांवर. फायरवॉलवर दोन्ही उघडे नसतील तर क्लिप दिसते पण रनडाऊनमधली तिची स्थिती बदलत नाही. मॉसच्या जुन्या, सॉकेटवर चालणाऱ्या आवृत्त्या यूसीएस-२ या युनिकोड पद्धतीत मजकूर पाठवतात, त्यामुळे मराठी स्लग जायला हरकत नसते. मधलं एखादं उपकरण तो मजकूर साध्या अक्षरांचा समजून वाचतं तेव्हा प्लेआउटच्या पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. दिवसाला चार-पाच बुलेटिनं असतील तर ही जोड तयार मिळण्यासाठी अ‍ॅविडचे पैसे मोजणं योग्य आहे. मासिक कार्यक्रम, माहितीपट किंवा यूट्यूब हेच मुख्य काम असेल तर तिची गरज नाही.

टेप अजून स्वस्त आहे

एलटीओ ही आर्काइव्हसाठीची डेटा टेप. एलटीओ-९ ची एक टेप १८ टीबीची. वरच्या हिशेबाने तिच्यात साडेसहाशे तासांहून जास्त माल मावतो. वर्षाला ७ टेप, आणि दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत ठेवायची म्हणून १४. नवी एलटीओ-९ टेप पहिल्यांदा लावली की ड्राइव्ह तिची जुळवणी करतो, त्याला कधी दोन तासही लागतात. ड्राइव्ह अडकला समजून मध्येच बंद करू नका. एलटीओ-९ चा ड्राइव्ह एलटीओ-८ वाचतो, ७ वाचत नाही. एलटीओ-१० चा ड्राइव्ह तर ९ सुद्धा वाचत नाही. जुना ड्राइव्ह भंगारात देण्याआधी टेपा मोजा.

अ‍ॅविड आणि आयकॉनिक दोन्ही आर्काइव्ह सॉफ्टवेअरशी जोडता येतात. रिसोर्सस्पेसमध्ये टेपचा क्रमांक एका खात्यात लिहून ठेवायचा आणि माणसाने टेप लावायची. छोट्या संग्रहाला हे पुरतं. टेप कोणत्याही मार्गाने लिहा, पण एलटीएफएस या खुल्या स्वरूपातच लिहा, म्हणजे उद्या मॅम बदललं तरी ती उघडेल.

चाचणीत काय टाकायचं

विक्रेत्याच्या नमुना क्लिप नकोत. स्वतःच्या दोनशे फाइली द्या आणि त्यांत मुद्दाम अवघड माल घाला. चार जीबीनंतर तुकडे झालेलं पॅनासॉनिकचं पी-टू कॅमेरा कार्ड, अख्ख्या कंटेंट्स फोल्डरसह. त्यात ऑडिओ आणि व्हिडिओ वेगळ्या फोल्डरांत असतात, म्हणून तिथे एखादं सॉफ्टवेअर चुकलं तर लगेच कळतं. मोबाइलवर शूट केलेली क्लिप, जिचा फ्रेम रेट मध्येच बदलतो. प्रॉक्सीवर लावलेला इन-पॉइंट (तुकडा सुरू होण्याची खूण) मूळ फाइलवर सरकतो का ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला बाइट, म्हणजे कुणाच्या बोलण्याची क्लिप, ज्यातून चित्रीकरणाची माहिती गळालेली असते, म्हणजे तारीख हाताने भरण्याची सोय किती सोपी आहे ते कळेल. जुन्या बीटाकॅमवरून उतरवलेली ४:३ ची फाइल, प्रॉक्सीत चेहरे रुंद होतात का हे पाहायला. चाळीस मिनिटांची पत्रकार परिषद, तीही रेकॉर्डिंग चालू असतानाच, कारण मंत्र्याचं वाक्य दहाव्या मिनिटाला असतं आणि डेस्कला ते अकराव्या मिनिटाला हवं असतं. रिसोर्सस्पेसमध्ये प्रिव्ह्यू किती सेकंदांचा बनवायचा हे कॉन्फिगमध्ये ठरतं. ते तपासलं नाही तर लांब फाइलचा शेवट दिसणारच नाही.

मग तासाभराच्या फाइलमधली दोनच मिनिटं परत मागवा आणि आलेल्या तुकड्याच्या पहिल्या फ्रेमचा टाइमकोड मूळ फाइलशी जुळवा. एका फ्रेमचाही फरक असेल तर कारण समजेपर्यंत सही थांबवा.

शेवटची चाचणी बाहेर पडण्याची. शंभर क्लिप सगळ्या मेटाडेटासह बाहेर काढून द्यायला सांगा. आयकॉनिकमध्ये मूळ फाइली तुमच्याच साठ्यात असतात, मेटाडेटा एपीआयने निघतो. रिसोर्सस्पेसमधून सीएसव्ही मिळते. अ‍ॅविडमधून ट्रॅकनिहाय फाइली जोडून एकसंध एमएक्सएफ बनवावी लागते, आणि वर्षांचा साठा असेल तर त्याला यंत्राचा वेळ महिन्यांत मोजावा लागतो. हे काम कोण करणार आणि किती पैशांत, ते खरेदीच्या करारातच लिहून घ्या. सही होईपर्यंत विक्रेता ऐकतो.