एक रुपयाची ट्रायल आणि मराठी कॅप्शन: पिन टाकण्याआधी हे वाचा

रील्सवर आपोआप कॅप्शन टाकून देणारं एआय साधन शोधत असाल आणि ‘फक्त १ रुपयात ट्रायल’ अशी जाहिरात समोर आली असेल, तर यूपीआयचा पिन टाकायच्या आधी हे पूर्ण वाचा. आमच्या घरातून २,९९९ रुपये गेले. पैशांचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तेही सांगतो.

आम्ही चोपडा तालुक्यातले. माझे काका, ज्यांना सगळा गाव नाना म्हणतो, केळीचे जुने बागायतदार. मृगबाग, कांदेबाग, पिलबाग, केळी घेण्याच्या सगळ्या पद्धती करून बसलेले. बागेत उभं राहून ते लहान लहान व्हिडिओ करतात. घडाला पिशवी कधी घालायची, पाण्याचा ताण पडला की झाड कसं दिसतं, पानांवरचा करपा रोग कसा ओळखायचा. बोलतात अहिराणीत. “पानवर पिवया ठिपका दिखनात का समजी ल्या, करपा ऊना.” मोबाइल धरायचं आणि अपलोड करायचं काम माझं. आपल्याकडचे लोक पाहतातच, पण हळूहळू अर्धापूर, करमाळा भागातले केळीवालेही विचारू लागले की अहिराणी नीट समजत नाही, खाली मराठीत लिहून देत जा. शिवाय एसटीत, दवाखान्यात, बाजार समितीत बसलेली माणसं आवाज बंद ठेवूनच रील पाहतात. म्हणून कॅप्शनचं साधन बघायला घेतलं.

जाहिरातीत एक मुलगी मराठीत बोलत होती आणि तिच्या तोंडातून शब्द निघेल तसा खाली उमटत होता. ळ, ण, जोडाक्षरं, सगळं चोख. ‘मराठीसह १०० भाषा’ असं ठळक लिहिलेलं. खाली बटण: १ रुपयात सुरू करा.

आता पैशाची युक्ती नीट समजून घ्या. बटण दाबल्यावर यूपीआय अ‍ॅप उघडतं. मोठ्या आकड्यात दिसतो १ रुपया. पण तुम्ही तिथे जे मंजूर करता ते नुसतं १ रुपयाचं पेमेंट नसतं, ऑटोपेची, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापत राहण्याची मंजुरी असते. ‘जास्तीत जास्त २,९९९ रुपयांपर्यंत’ ही ओळ तपशिलाच्या घडीत, फिकट अक्षरांत, आणि मंजुरीची मुदत पुढची कित्येक वर्षं. पिन एकदाच लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा आवर्ती वसुलीत साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना पुन्हा पिन विचारला जात नाही. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते, आणि ती आलीही होती. पण त्या मेसेजमध्ये साधनाचं नावच नव्हतं. कुठल्यातरी भलत्याच कंपनीचं नाव होतं. नानांच्या खात्यावर खताच्या दुकानाचे, सोसायटीचे, केळीच्या पैशांचे मेसेज रोज येतात. त्या गर्दीत हे अनोळखी नाव कॅप्शनवाल्यांचं आहे हे कोणाला कळावं? ट्रायल संपली त्याच पहाटे वर्षाचे पैसे गेले. मोबाइलमधून ते अ‍ॅप आम्ही आधीच काढून टाकलं होतं, पण अ‍ॅप काढलं म्हणून मंजुरी रद्द होत नाही. ती यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ या भागात जाऊनच रद्द करावी लागते. हे वाक्य दुसऱ्यांदा वाचा, कारण बरेच जण इथेच अडकतात.

अ‍ॅप का काढून टाकलं होतं? कारण त्याची मराठी. नानांच्या व्हिडिओत ‘करपा ऊना’ होतं, तिथे ‘कृपा हुआ ना’ आलं. केळीची ‘केली’ झाली. कांदेबाग ‘कांदे भाग’ झाली. हे वाचून कोणी हसेल, पण पुढचं हसण्यासारखं नाही. फवारणीचं प्रमाण सांगताना नाना म्हणाले होते ‘लिटरले एक मिली’, आणि खाली उमटलं ‘लीटर लाईक मिली’. आकडाच गायब. औषधाच्या प्रमाणात अशी चूक कोणी वाचली आणि अंदाजाने टाकी भरली, तर त्या शेतकऱ्याची बाग जाईल. नानांच्या शब्दावर लोक फवारणी करतात, ही जबाबदारी आम्ही एका साधनाच्या भरवशावर कशी टाकणार?

मला वाटलं, अहिराणी त्याला झेपत नसेल, ते समजण्यासारखं आहे. म्हणून मी स्वतः प्रमाण मराठीत, सावकाश बोलून पाहिलं. तरी ‘आहे’च्या जागी मध्येच ‘है’. मग एक गोष्ट केली. त्यांच्या जाहिरातीचंच स्क्रीन रेकॉर्डिंग घेतलं, खालची अक्षरं कापली आणि तो तुकडा त्यांच्याच साधनातून काढला. जाहिरातीत जे चोख दिसत होतं, ते इथे ठिकठिकाणी चुकलेलं आलं. तोच आवाज, तीच मुलगी, तेच साधन. म्हणजे जाहिरातीतली कॅप्शन त्या साधनातून जशीच्या तशी निघालेली नव्हती, कोणीतरी हाताने लिहिलेली किंवा दुरुस्त केलेली होती. माझा राग आहे तो हा. मराठीच्या नावावर माल विकला आणि हातात हिंदीची भेसळ दिली.

यामागचं कारण जाणून घेण्यासारखं आहे. बाजारातली बरीच साधनं स्वतःची यंत्रणा बनवत नाहीत, तयार मॉडेल घेऊन वर आपला रंग लावतात. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर नावाचं, आवाज ऐकून मजकूर लिहिणारं मॉडेल सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. त्याच्या पहिल्या आवृत्तीला ६,८०,००० तासांचा आवाज ऐकवून शिकवलं होतं. त्यात मराठी ऐकून मराठीच लिहिण्याचं शिक्षण एका तासाहूनही कमी होतं. हे त्यांनी स्वतःच शोधनिबंधात दिलं आहे, लपवलेलं नाही. भाषांच्या यादीत मात्र इंग्रजीच्या रांगेतच मराठीचं नाव दिसतं. तेव्हा ‘१०० भाषा’ या आकड्यावरून तुमच्या भाषेचं काय होणार ते कळत नाही. यादीत नाव असणं वेगळं आणि ती भाषा येणं वेगळं.

पैसे गेल्यावर आम्ही त्या साधनाचा मदत क्रमांक शोधला. इंटरनेटवर जो सापडला त्यावरचा माणूस फार गोड बोलत होता. रिफंड देतो म्हणाला, त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवली आणि ती इन्स्टॉल करायला सांगितली. एपीके फाइल होती, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून मोबाइलमध्ये थेट अ‍ॅप टाकणारी. नानांनी फोन हातातून घेतला, “भो, पैसा देनारले मन्हा मोबाइलमा काय काम?” असं विचारलं आणि कट केला. असे खोटे मदत क्रमांक जागोजागी पेरलेले असतात. खऱ्या रिफंडसाठी कोणतीही फाइल टाकावी लागत नाही, स्क्रीन दाखवावी लागत नाही, पिन तर कधीच द्यावा लागत नाही.

आम्ही आधी मंजुरी रद्द केली, मग यूपीआय अ‍ॅपमधून त्या व्यवहाराची तक्रार टाकली आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर नोंद केली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ फसव्या पद्धतींची यादी काढली आहे. सदस्यत्वात अडकवून बाहेर पडणं अवघड करणं हा त्यातलाच एक प्रकार, त्यामुळे तक्रारीत तो शब्दशः लिहिला. साधनाच्या पानावर ‘रद्द करा’ म्हटलं की एक चॅटबॉट सवलत देऊ लागतो, त्याचेही स्क्रीनशॉट जोडले. पैसे अजून आलेले नाहीत. कोणी खोट्या क्रमांकाच्या नादी लागून खातंच रिकामं झालं असेल, तर मात्र वाट न पाहता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला १९३० वर फोन करा. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच थांबवण्याची शक्यता जास्त.

तुम्हाला असं साधन घ्यायचंच असेल तर आधी स्वतःच्या आवाजातला, वाऱ्या-पाण्याच्या आवाजासकटचा, रोजच्यासारखा बोललेला एक मिनिट त्याला द्या. त्यात तुमच्या गावाचं नाव, धंद्यातले शब्द आणि दोन-तीन आकडे असू द्या. ‘दीड’, ‘अडीच’ मुद्दाम घाला. भाषा हाताने मराठी निवडता येते का पाहा, कारण आपोआप ओळखायला ठेवलं की बहुधा हिंदीकडे घसरतं. वेलांटी आणि जोडाक्षरं व्हिडिओ सेव्ह केल्यानंतरही जागेवर राहतात का, हे गॅलरीत उघडून तपासा. काही साधनांत एडिट करताना अक्षरं नीट दिसतात आणि सेव्ह झाल्यावर फुटतात. एसआरटी फाइल बाहेर काढता आली पाहिजे. ती साधी मजकुराची फाइल असते, वेळ आणि खाली वाक्य, कुठल्याही नोटपॅडमध्ये दुरुस्त होते. ती मिळत नसेल तर तुमची दुरुस्तीची मेहनत त्यांच्याच अ‍ॅपमध्ये अडकून पडते. आणि ही तपासणी करण्याआधीच ऑटोपे मागत असतील, तर तिथूनच परत फिरा.

सध्या आम्ही जीबोर्डवर, म्हणजे गूगलच्या कीबोर्डवर, मराठी बोलून मजकूर काढतो. नाना अहिराणीत जे म्हणतात ते मी मराठीत बोलतो, मग शब्द न् शब्द वाचून दुरुस्त करतो आणि व्हिडिओवर चढवतो. वेळ जास्त लागतो. औषधाचं नाव आणि प्रमाण तर मी बोलतही नाही, नाना सांगतात तसं हातानेच टाइप करतो आणि अपलोड करण्याआधी त्यांना वाचून दाखवतो.