थॉनी : पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंग लॅबमध्ये पूर्ण सत्र वापरल्यानंतर

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवण्यासाठी थॉनी हा एडिटर, म्हणजे कोड लिहून चालवून बघायचं सॉफ्टवेअर, सत्रभर वापरला. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तो तयार झाला. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. ४.० मालिकेसोबत पायथॉन ३.१० आतच येतो, त्यामुळे पाथ सेट करण्यात, म्हणजे पायथॉन कुठे आहे ते संगणकाला सांगण्यात, पहिलं प्रॅक्टिकल जात नाही. तरी केवळ या सोयीसाठी तो घ्यावा असं म्हणणार नाही. प्रोग्रॅम चालताना आत काय बदलतंय हे तो दाखवतो, आणि नवशिक्यांचं घोडं तिथेच पेंड खातं.

व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्सची (किमती साठवणाऱ्या नावांची) चौकट आधी उघडून घ्या. कंट्रोल-एफ५ने डीबगिंग, म्हणजे चुका शोधायला प्रोग्रॅम टप्प्याटप्प्याने चालवणं, सुरू होतं. एफ६ पूर्ण ओळ एकदम पार करतो, एफ७ ओळीच्या आत शिरतो, एफ८ पुढच्या ब्रेकपॉइंटपर्यंत (थांबण्याची खूण केलेल्या ओळीपर्यंत) नेतो. यातला एफ७ सगळ्यात मोलाचा. ३ + ४ * २ या ओळीत आधी ४ * २च्या जागी ८ येतो, मग अख्ख्या राशीच्या जागी ११. कंसांचा आणि क्रमाचा नियम वेगळा पाठ करून घ्यावा लागत नाही.

प्रिंट (पडद्यावर दाखवणं) आणि रिटर्न (फंक्शनने उत्तर परत देणं) यांतला फरक फळ्यावर कितीही समजावला तरी मुलं फंक्शनमध्ये प्रिंट लिहितात आणि बाहेर त्याच फंक्शनच्या उत्तरात बेरीज करायला जातात. थॉनीत एफ७ने फंक्शनमध्ये शिरलं की त्याची स्वतंत्र खिडकी उघडते, स्थानिक व्हेरिएबल्ससकट. रिटर्न नसेल तर खिडकी मिटताच कॉलच्या जागी ‘नन’ (काहीच नाही) दिसतं, आणि पुढची बेरीज का फसली ते कुणाला सांगावं लागत नाही. रिकर्शनलाही, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावण्यालाही, हाच फायदा. शून्यापाशी थांबणारं फॅक्टोरियल ४ देऊन चालवलं तर एकावर एक ५ खिडक्या उघडतात आणि उलट्या क्रमाने मिटतात. थांबण्याची अट विसरली, तर खिडक्या का संपत नाहीत हेही कळतं. साधं रन केलं तर पायथॉन एकात एक १००० कॉलच्या मूळ मर्यादेजवळ एरर देऊन थांबतो, पण त्या एररवरून कारण समजतंच असं नाही.

लिस्टसाठी (किमतींच्या यादीसाठी) हीप व्ह्यू, म्हणजे मेमरीतले ऑब्जेक्ट दाखवणारी चौकट, उघडावा. तो सुरू असताना व्हेरिएबलपुढे किमतीऐवजी ऑब्जेक्टचा पत्ता दिसतो. ‘ब = अ’ लिहिल्यावर दोघांपुढे एकच पत्ता आला की, ब मध्ये भर घातल्यावर अ का बदललं हा प्रश्न मिटतो. मात्र हा व्ह्यू पहिल्याच आठवड्यात दाखवू नये. पत्त्यांच्या गर्दीत मूळ व्हेरिएबल हरवतात.

एक पथ्य कटाक्षाने पाळावं. एफ७ दाबण्याआधी पुढची किंमत काय येईल ते वहीत लिहायला लावा. नाहीतर मुलं बटण दाबत राहतात, चौकटी हलताना बघतात आणि काहीच शिकत नाहीत. अभियांत्रिकीसाठी यातला उत्तम सराव म्हणजे शून्यापासून दर फेरीला ०.१ मिळवत जाणारा लूप, ‘१ होईपर्यंत चालू ठेव’ या अटीवर. वहीत दहाव्या फेरीला १ लिहिलेलं असतं. पडद्यावर ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं आणि लूप थांबतच नाही. ०.१ बायनरीत (संगणकाच्या ०-१ पद्धतीत) नेमका मांडता येत नाही, म्हणून बरोबरीऐवजी फरक पुरेसा लहान आहे का ते तपासायचं, हे तिथेच शिकवावं.

आता त्रासाच्या गोष्टी. डीबग करताना इनपुटची ओळ आली की प्रोग्रॅम शेलमध्ये (खालच्या चौकटीत) टायपिंगची वाट बघतो. मुलं एफ७ दाबत बसतात आणि संगणक अडकला म्हणतात. टप्प्याटप्प्याने बघायच्या प्रोग्रॅममध्ये इनपुटऐवजी थेट किंमत लिहावी. काही लॅपटॉपवर एफ५ ते एफ८ याच कळांनी आवाज किंवा उजेड बदलतो, तिथे एफएन कळ सोबत दाबावी किंवा टूलबारवरची बटणं वापरावीत. फाइलला ‘रँडम’ किंवा ‘टर्टल’ असं लायब्ररीचंच (तयार कोडच्या संचाचंच) नाव दिलं तर थॉनी इशारा देतो, पण तो न वाचताच ‘हो’ म्हटलं जातं. मग त्या फोल्डरमधला, ती लायब्ररी मागणारा प्रत्येक प्रोग्रॅम मोडतो.

पॅकेजची (वेगळ्या घालाव्या लागणाऱ्या लायब्ररींची) भानगड शिक्षकाने सत्राआधीच सोडवावी. सोबतच्या पायथॉनमध्ये टूल्स मेनूतून मॅटप्लॉटलिब हे आलेख काढायचं पॅकेज घातलं तर ते त्या लॉगिनपुरतंच बसतं. लॅबमधल्या दुसऱ्या लॉगिनला ते दिसत नाही, आणि इंटरनेट नसेल तर तास बुडाला. सर्वांना वाचता येईल अशा जागी एकच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (स्वतःची पॅकेजेस असलेली पायथॉनची वेगळी मांडणी) करून त्यात पॅकेजेस टाकावीत आणि ऑप्शन्समधल्या इंटरप्रिटरच्या पानावर त्याचा पायथॉन निवडावा.

मोठ्या लूपवर हा डीबगर फार संथ चालतो, कारण तो प्रत्येक राशीची नोंद ठेवतो. हजारो फेऱ्यांच्या संख्यात्मक पद्धतींना तो लावू नये, ४–५ फेऱ्यांचं छोटं उदाहरण घ्यावं. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) नाही, आपोआप पूर्ण होणाऱ्या सूचना जेमतेम. पहिल्या वर्षाला याची उणीव भासत नाही. उलट सूचना कमी असणं आम्हाला बरंच वाटलं.

फंक्शन, लिस्ट आणि फाइल हाताळणी झाली की मुलांना दुसऱ्या एडिटरकडे न्यावं. त्याआधी टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) आणि चालू फोल्डर (जिथे प्रोग्रॅम फाइली शोधतो तो) शिकवा. थॉनी रन करताना स्वतःच प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये जातो, म्हणून शेजारची डेटा फाइल नुसत्या नावाने उघडते. व्हीएस कोड या एडिटरमध्ये चालू फोल्डर सहसा उघडलेला मुख्य फोल्डरच असतो. प्रोग्रॅम आतल्या फोल्डरमध्ये असेल तर तीच ओळ ‘फाइल सापडली नाही’ म्हणते, आणि मुलं बरोबर असलेला कोड खोडायला लागतात.