टू टुगेदर आणि कार्त आव्हान्ताज: दोन रेल्वे कार्डांवर सावकाश फिरलेलं इंग्लंड-फ्रान्स

टू टुगेदर हे इंग्लंडचं आणि कार्त आव्हान्ताज हे फ्रान्सचं रेल्वे कार्ड. दोन्ही घेतली ती सवलतीसाठी. काही महिने वापरल्यावर माझं मत असं झालंय की इंग्लंडच्या कार्डामुळे आम्हाला वाटेत रेंगाळता आलं, फ्रान्सच्या कार्डाने नुसते पैसे वाचले. तिथलं रेंगाळणं जेवणाच्या टेबलावर झालं.

आम्ही म्हणजे साठी ओलांडलेलं जोडपं. मी मालवणची, ताटात मासा नसला की जेवल्यासारखंच वाटत नाही. नवरा पुण्याचा, शाकाहारी, अंड्यापुरती सूट. 'दहा दिवसांत सात देश' वाल्या सहली नकोत एवढ्यावर मात्र आमचं एकमत. एकेका गावात मुक्काम टाकायचा, स्वयंपाकघर असलेली जागा घ्यायची आणि बाकी सगळं रेल्वेवर सोडायचं, असा बेत.

इंग्लंडमध्ये साठीनंतर सीनियर रेलकार्ड मिळतं, परदेशी माणसालासुद्धा. ते माणशी ३५ पौंड. टू टुगेदरही ३५ पौंडच, पण दोघांत मिळून एक. त्यावर दोघांची नावं आणि फोटो असतात, वर्षभर चालतं आणि दोघांच्याही तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत ते चालत नाही. आरामात नाश्ता करून निघणाऱ्यांना याचा काही जाच नाही. दोघांनी बरोबरच प्रवास करायचा ही दुसरी अट, तिच्याबद्दल शेवटी लिहिते. लंडनपुरती एक अडचण आहे: सीनियर कार्ड ऑयस्टरला, म्हणजे लंडनच्या शहरी प्रवासाच्या कार्डाला, जोडून घेता येतं, टू टुगेदर येत नाही. त्यामुळे शहरातल्या शहरात त्याचा फायदा शून्य. चॉक फार्मजवळ १०, किंग हेन्रीज रोड इथे डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. तिथे जाताना आम्ही पूर्ण भाडंच भरलं.

खरी मजा लंडनबाहेर पडल्यावर. तिकीट घेताना 'अॅडव्हान्स' सगळ्यात स्वस्त दिसतं, पण ते त्या एका गाडीपुरतं. 'ऑफ-पीक' थोडं महाग असतं. मात्र बहुतेक ऑफ-पीक तिकिटांवर वाटेत उतरून, गाव बघून, त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या गाडीने पुढे जाता येतं. आपल्याकडची जुनी ब्रेक जर्नी ज्यांनी वापरली आहे त्यांना हे समजवावं लागणार नाही. कार्डाची सूट लागल्यावर ऑफ-पीक परवडतं, म्हणून आम्ही सर्रास तेच घेत गेलो. यॉर्कला जाताना पीटरबरोला उतरलो आणि बॅगा ओढत कॅथीड्रलपर्यंत गेलो. आठव्या हेन्रीची पहिली राणी, कॅथरीन ऑफ अॅरागॉन, तिथे पुरलेली आहे. डाळिंब हे तिचं चिन्ह, म्हणून लोक थडग्यावर डाळिंबं ठेवतात. १५३६ साली गेलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या बाईसाठी आजही कोणीतरी बाजारातून डाळिंब आणतं, याचं मला फार बरं वाटलं.

यॉर्क मिन्स्टर, म्हणजे तिथलं कॅथीड्रल, बघायला तिकीट आहे, आणि ते स्वस्त नाही. दिवसा एकदा जरूर काढा, कारण पूर्वेची मोठी काचखिडकी (१४०५ ते १४०८ मधली) नीट बघायला उजेड लागतो. पण इव्हनसाँगला, म्हणजे संध्याकाळच्या गायलेल्या प्रार्थनेला, तिकीट लागत नाही. आत लाकडी कोरीव बाकांवर बसवतात आणि गायकवृंद पुढ्यातच उभा राहून गातो. धर्म कुठला हे कोणी विचारत नाही. मुक्कामात आम्ही पुन्हा पुन्हा गेलो.

शाकाहाऱ्यांनी यॉर्कशरमध्ये एक लक्षात ठेवावं. तिथल्या बऱ्याच फिश अँड चिप्सच्या दुकानांत सगळं बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गोमांसाच्या चरबीत तळतात. नुसते चिप्स मागितले तरी तेच. आधी विचारायचं. माझा हॅडॉक मासा उत्तम होता: वरचं कवच कुरकुरीत, आत पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, वर माल्ट व्हिनेगर. नवऱ्याने आपलं समाधान वेन्स्लीडेल चीज आणि फ्रूटकेक एकत्र खाऊन करून घेतलं. तिकडे ही जोडी रूढ आहे. चीजच्या पाकिटावर शाकाहारी असल्याची खूण बघायची, कारण दूध फाडायला वापरलेलं रेनेट प्राण्याचंही असू शकतं.

सेटल ते कार्लाइल मार्गावर त्याच कार्डाने गेलो. रिबलहेडचा २४ कमानींचा पूल गाडीत बसून दिसत नाही, त्यासाठी रिबलहेड स्टेशनवर उतरून चालत खाली जावं लागतं. ऐंशीच्या दशकात हा मार्ग बंद करायचं घाटत होतं, लोकांनी लढून १९८९ मध्ये तो वाचवला. पाऊस आडवा येत होता. नवरा छत्री मिटून पुलाकडे बघत उभा राहिला, मी स्टेशनवर.

फ्रान्सला जाताना समुद्राखालच्या बोगद्यातली गाडी टाळून न्यूहेवन-दिएप बोट घेतली. साधारण चार तास लागतात, पायी प्रवाशांना घेतात. रेल्वे कार्ड अर्थातच चालत नाही. व्हिसा मात्र दोन वेगळे लागतात, आणि शेंगेनचा, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा, हिशोब १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस मुक्काम असा आहे, तो आधी मांडून ठेवा. दिएपचा शनिवारचा बाजार चुकवू नका. बर्फावर बांगडे बघितले आणि मला राहवलं नाही. घरमालकिणीने तळणीला मनाई केलेली नाही याची खात्री करून, बरोबर आणलेला मालवणी मसाला लावून शेकवले. दुसऱ्या दिवशी हॉटेलात शिनाण्या, व्हाइट वाइन आणि शॅलट कांद्यात उकडलेल्या, भांडंभर. शेजारच्या टेबलावरचे आजोबा रिकाम्या शिंपलीचाच चिमटा करून दुसऱ्या शिंपल्यांतलं मांस ओढून खात होते. मीही काटा बाजूला ठेवला.

आता फ्रान्सचं कार्ड. कार्त आव्हान्ताज सीनियर, ४९ युरो, साठीच्या पुढे कोणालाही, तेजेव्हे (अतिवेगवान, TGV) आणि आंतेरसिते (इंटरसिटी) गाड्यांवर ३० टक्के सूट. विगो नावाच्या स्वस्त गाड्यांवर चालत नाही. प्रादेशिक गाड्यांचे नियम प्रत्येक प्रांताचे निराळे, त्यामुळे तिथे दर वेळी नव्याने बघावं लागतं. पैसे भरताना आमच्या बँकेचा ओटीपी भारतातल्या सिमवर येई आणि पुष्कळदा वेळ संपल्यावर येई. त्यावर स्टेशनवरची तिकीट खिडकी हाच उपाय. पॅरिस ते लिऑं दोन तासांत पोचलो, पण तेजेव्हेचं तिकीट म्हणजे एक गाडी, एक डबा, एक खुर्ची. मध्येच उतरायची बातच नाही, आणि सुटायच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होतात. सूट घसघशीत, गंमत कमी.

ती भरपाई जेवणात होते, पण वेळ पाळावी लागते. दुपारचं जेवण बारा ते दोन, मग स्वयंपाकघर बंद. पाण्यासाठी 'काराफ दो' मागा, नळाचं पाणी फुकट मिळतं. दुकानात शिरताना 'बाँजूर' म्हटल्याशिवाय काही मागू नका, चेहरे बदलतात. बेकरीत नुसता बगेत (लांबट पाव) न मागता 'त्रादिस्यॉं' मागा. १९९३ च्या सरकारी नियमानुसार त्यात बाहेरची रसायनं घालता येत नाहीत आणि पीठ गोठवता येत नाही. लिऑंच्या बूशॉं खानावळींत शाकाहाऱ्याचे हाल आहेत. सॅलडमध्येसुद्धा डुकराच्या मांसाचे तुकडे. नवऱ्याला तारलं ते लसूण आणि हिरव्या पातींनी कालवलेल्या ताज्या मऊ चीजने, त्याला तिथे सर्व्हेल द कान्यू म्हणतात. सोन नदीकाठचा बाजार सोमवार सोडून रोज सकाळी भरतो, तिथली पीच मी अजून विसरलेले नाही.

लिऑंहून नीसला जाताना उजव्या बाजूची खिडकी मिळवा. सॅं-राफाएलच्या पुढे लाल खडक आणि समुद्र अगदी रुळांना खेटून येतात. नीसमध्ये नवऱ्याला शेवटी न्याय मिळाला. सोक्का म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचा, ऑलिव्ह तेल घातलेला, भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेला प्रकार. कडा करपलेल्या, आत मऊ, वर फक्त मिरपूड. आपल्या बेसनाच्या पोळ्याची ही चुलत बहीण. खरवडून कागदावर देतात, हाताने खायचा, गरम असतानाच. त्याने त्यात हिरवी मिरची हवी होती असा शेरा मारला आणि दुसरा कागद घ्यायला रांगेत गेला. कूर सालेयाचा भाजीबाजार सोमवारी नसतो, त्या दिवशी तिथे जुन्या वस्तू विकायला असतात.

राहिली टू टुगेदरची दुसरी अट. एकाला गुडघेदुखीने खोलीवर बसायचं असेल तर दुसऱ्याला सूट नाही, आणि महिनोन् महिने चोवीस तास बरोबर राहिल्यावर एखादा दिवस वेगळं फिरावंसं वाटतंच. पुढच्या खेपेला पैसे जास्त गेले तरी दोन स्वतंत्र सीनियर कार्डं घेणार आहोत. त्याला पुन्हा रिबलहेडच्या पावसात उभं राहायचंय, मला कॉर्नवॉलला जाऊन तिथले तारले खायचेत.