उद्यमनगरातलं इंजिनाचं वर्कशॉप: हेड बसवावं तर यांनीच, तारीख मात्र विचारू नका

गाडी १९७३ ची फियाट, आरसीवर प्रीमियर प्रेसिडेंट लिहिलंय पण आमच्या घरात तिला प्रेसिडेंट कुणी म्हणल्याचं मला तर आठवत नाही. १०८९ सीसीचं इंजिन. मागल्या वर्षी दुसऱ्या एका गॅरेजात (नाव घेत नाही, माणूस ओळखीचा आहे) इंजिन पूर्ण खोललं, रिंगा, पिस्टन, बेअरिंग सगळं नवं घातलं आणि हेड (इंजिनाच्या ब्लॉकवर बसणारं वरचं झाकण) मात्र संध्याकाळी घरी जायच्या गडबडीत साध्या पान्यानं हाताच्या अंदाजावर आवळून दिलं. तीन महिन्यांत पन्हाळ्याला जाताना वाघबीळजवळ गाडीनं मान टाकली, सायलेन्सरमधनं पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, आणि डिपस्टिक काढून बघतोय तर ऑइलचा दुधाचा चहा झालेला. हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग, गेलं होतं आणि पाणी ऑइलमध्ये मिसळलं होतं.

मग एका पाव्हण्यानं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं हे वर्कशॉप सांगितलं. पाटी बिटी काय नाही, आतल्या गल्लीत दोन लेथच्या शेडमधी आहे, विचारत जावं लागतं. मेस्त्री साठीच्या पुढचे, बोलायला कमी. मी पहिल्याच दिवशी विचारलं, मामा आज होईल का? तर म्हणाले, "आज न्यायचीय का रोज चालवायचीय?" मी गप्प बसलो.

हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा, त्यामुळं गाडी एकदा तापली की हेड वाकतंय. त्यांनी सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून खालनं फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून दाखवलं, मधी पाती आरामात जात होती. शेजारच्या शेडमध्ये फेसिंग करून, म्हणजे मशीनवर घासून सपाट करून आणलं, तेपण अगदी कमीत कमी, जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतंय म्हणे. वॉल्व्ह लॅपिंग, म्हणजे वॉल्व्ह घासून जागेवर घट्ट बसवणं, केल्यावर हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये पेट्रोल ओतलं आणि स्वतः चहाला गेले. परत आल्यावर एक पोर्ट (वॉल्व्हच्या मागची वाट) ओला दिसला, म्हणजे वॉल्व्ह गळत होता, तर तो वॉल्व्ह परत घासायला घेतला.

खरी मजा बसवताना. अर्धा दिवस नुसती बोल्टांची भोकं साफ करण्यात गेला, टॅप फिरवला, हवा मारली. मला आधी हा टाइमपास वाटला. पण भोकाच्या तळात ऑइल-पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते दबून जायचं कुठं, ब्लॉकच तडकतोय. मी आणलेलं पहिलं गॅसकेट नुसतं ब्लॉकवर ठेवून बघितलं, पाण्याचं एक भोक झाकत होतं, गपचिप माझ्या हातात परत दिलं. दुसरं आणायला मलाच पळवलं.

मग टॉर्क पाना, म्हणजे किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना. एका दमात नाही, तीन फेऱ्यांत, आणि मधल्या बोल्टपासनं सुरू करून कडंकडं. का म्हणून विचारलं तर, "भाकरी मदनं कडंला थापत नेत्यात का न्हाई?" एवढंच उत्तर. नंतर पुशरॉड, रॉकर, टॅपेट, इंजिन चालू करून चांगलं गरम केलं आणि बंद करून चक्क शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर आवळायची परत एक फेरी आणि टॅपेट परत सेट, कारण हेड आवळलं की रॉकर आणि वॉल्व्हमधला गॅप पण बदलतोय.

आता तक्रारी. चार दिवस सांगून सतरा दिवस लावले. फोन उचलत नाहीत, बिल म्हणजे सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीमागं लिहिलेला आकडा, आणि लेबर बाकीच्यांपेक्षा जवळपास दीडपट. घाई असणाऱ्यानं इकडं फिरकूच नये.

पण गेल्या रविवारी चौघं बसून पन्हाळा चढलो, टेंपरेचरचा काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही, ऑइल स्वच्छ, पाणी होतं तेवढंच. नाद खुळा काम, पाचात साडेचार. अर्धा त्या सतरा दिवसांचा कापलाय. पाचशे किलोमीटर झाल्यावर अजून एकदा आवळायला बोलवलंय, ते परवा आहे, गाडी आदल्या रात्रीच तिथं नेऊन लावायची, सकाळी इंजिन गार पाहिजे म्हणून.