तीन दिवसांचं म्यूल डियर स्काउटिंग पॅकेज: पिना फुकट गेल्या, काका मात्र पैसा वसूल

आधीच सांगते, कंपनीचं नाव देणार नाहीये, कारण खाली तक्रारी आहेत आणि त्यांच्याशी ईमेलवर भांडून मी ऑलरेडी दमलेय. स्काउटिंग म्हणजे शिकारीच्या सीझनआधी जाऊन हरणं कुठे आहेत ते हेरून ठेवणं, आणि म्यूल डियर ही इथली हरणाची जात. अमेरिकेत कोलोराडोच्या सॅन हुआन डोंगरात असली पॅकेजं विकणारे बरेच आहेत, त्यातलेच एक समजा. ऑगस्टच्या मध्यावर, तीन दिवस दोन रात्री, लेक सिटी गावाच्या बाजूला, दोघांचे मिळून १८०० डॉलर. टेंट त्यांचा, जेवण त्यांचं, गाईड त्यांचा, स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण) भाड्यानं, आणि हरणांच्या जागांच्या नकाशावरच्या पिना नंतर ईमेलनं.

आता आम्ही नाशिकची माणसं या भानगडीत कशी पडलो तर नवऱ्यामुळे. ऑफिसमधल्या मित्रांसोबत जाऊन जाऊन त्याला शिकारीचा नाद लागला, आणि इथे हरणाचा टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, लॉटरीनं मिळतो, एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत अर्ज टाकायचा, नंबर नाही लागला तर एक पॉइंट जमा होतो, असे सात वर्षं पॉइंट साठवून यंदा त्याला सप्टेंबरच्या सुरुवातीचा उंच डोंगरातला रायफल सीझन लागला. मी बंदुकीला हात लावत नाही. मला फक्त जनावर बघायला आवडतं, आणि नुसतं दुर्बीण घेऊन नॅशनल फॉरेस्टमध्ये बसायला टॅग लागत नाही, म्हणून मीही गेले. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं सलमानचं काय झालं ते माहितीये ना?" त्यांना इथे सरकारच टॅग देतं हे पटवायला अर्धा तास गेला, तरी शेवटी "बघा बाई, सांभाळून" हेच.

गाईड साठीच्या पुढचा, आयुष्य त्याच डोंगरात गेलेलं, बोलणं एकदम कमी. आम्ही आपसात त्याला काका म्हणायला लागलो, तिसऱ्या दिवशी तोंडावरच म्हटलं, त्याला अर्थ सांगितला, खूश झाला. हा रिव्ह्यू खरं तर काकांचाच आहे.

पहिल्या दिवसाचं आधी सांगते कारण तो वाईट होता. आमच्यासारख्या डेन्व्हरहून आलेल्या माणसाला त्यांनी त्याच दुपारी १२,००० फुटांवर चढवला. आम्ही कळसूबाई, हरिश्चंद्रगड, नळीच्या वाटेनं वगैरे केलेली माणसं, पण कळसूबाई संपतो ५,४०० फुटांवर आणि आमचं घरच ५,३०० वर आहे, तो हिशोब इथे चालत नाही. डोकं ठणकायला लागलं, रात्री जेवण जाईना. एक रात्र खाली गावात काढायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कंपनीच्या माहितीपत्रकात याबद्दल अक्षर नाही. जेवण म्हणजे गरम पाणी ओतून खायची पाकिटं, आणि त्या उंचीवर पाणी ८८ अंशालाच उकळतं म्हणून आतले दाणे टचटचीत कच्चे. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, तीन दिवस त्यावर निघाले, काकांनी पण खाल्ले. ते सगळं रात्री अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात बंद करून टेंटपासून लांब ठेवायचं, हे काकांनी स्वतः तपासलं.

आता मुद्द्याचं. पहाटे साडेचारला उठवून काकांनी आम्हाला एका सोंडेवर नेऊन बसवलं, समोर वाटीसारखं खोरं, वर कातळकडे, त्याखाली दगडांचा घसारा, त्याखाली हिरवं गवत आणि विलोची खुरटी झुडपं, आणि अगदी खाली स्प्रूसचं दाट जंगल. मला वाटलं आता चालणार. तर काका म्हणे बसा. तीन तास हललो नाही. नवऱ्याची हातात धरायची दुर्बीण त्यांनी काढून घेतली आणि ट्रायपॉडवर लावली, आणि खरं सांगते, एवढ्या एका गोष्टीनं अर्धे पैसे वसूल झाले. तीच दहा पॉवरची दुर्बीण, पण हात हलत नाही म्हटल्यावर एक किलोमीटरवरचा कान हललेला दिसतो. हो, कानच. काकांचं म्हणणं हरीण शोधायचंच नाही, हरणाचा तुकडा शोधायचा. डोंगरात सगळ्या रेषा तिरप्या किंवा उभ्या असतात, त्यात एखादी आडवी रेष दिसली तर ती पाठ असू शकते. पांढरा ठिपका दिसला तर ते ढुंगण. आणि कॅलेंडरच्या चौकटींसारखे समोरच्या डोंगराचे चौकोन पाडायचे, डावीकडून उजवीकडे एकेक बघत जायचं, संपलं की परत पहिल्यापासून, कारण मघाशी रिकामा असलेल्या चौकोनात आता कोणीतरी उभं राहिलेलं असतं.

आणि राहिलं! सात वाजता रिकाम्या गवतात साडेसातला पाच नर. पाच! माद्या एकही नाही. उन्हाळ्यात नर असे पाच-सहा जण टोळकं करून वरच राहतात, माद्या पिल्लं घेऊन बहुतेक खाली पाण्याजवळ, झाडीजवळ. शिंगांवर अजून मखमल, म्हणजे वाढत्या शिंगावरची मऊ केसाळ कातडी, होती, त्यामुळे शिंगं जाडजूड आणि उन्हात कडेनं सोनेरी दिसत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, म्यूल डियर म्हणजे खेचरासारखे मोठे कान असलेलं हरीण, शेपटीचं टोक काळं, आणि शिंग दुभंगतं, मग त्या प्रत्येक फांदीला परत दोन फाटे फुटतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं तसं नाही, त्याच्या एकाच दांड्यावर कंगव्यासारखी टोकं उभी असतात. सांबराशी तुलना करायचा मोह मला झाला पण सांबर झाडीतलं जनावर, हे ऑगस्टमध्ये असं उघड्यावर चरतं की विश्वास बसत नाही. काकांच्या मते मखमल असेपर्यंत शिंग नाजूक असतं, दाट झाडीत घासलं की दुखतं, म्हणून हे उघड्यावर राहतात, शिवाय वर वारा असतो, माश्या कमी आणि चारा कोवळा.

पण मला सगळ्यात आवडलं ते नंतरचं. साडेआठला सगळे बसले. एक मोठा नर एका खडकाच्या सावलीत, मागे कडा, समोर अख्खं खोरं. भाड्याच्या स्कोपमधून त्याच्याकडे बघत बसले. रवंथ करत होता. गळ्यातून एक गोळा वर येताना स्पष्ट दिसायचा, मग चावणं, चावणं, चावणं, मग गिळलं, जरा थांबला, परत गोळा वर. मामाच्या गोठ्यातली म्हैस डोळ्यासमोर आली. सव्वानऊला ऊन त्याच्या पाठीवर आलं, तर हा उठला, मागचा एक पाय ताणून आळस दिला, तीन पावलं सावलीत गेला, पुढच्या खुरानं माती दोनदा खरवडली आणि तोंड दुसरीकडे करून बसला. काकांनी कोपरानं मला ढोसलं. म्हणाले, हे लक्षात ठेव, दुपारी लोक कंटाळून कॅम्पवर जातात आणि हा सावली सरकली की उठतोच, तेव्हाच तो सापडतो. त्यानंतर स्कोपमध्ये सगळं पाण्यासारखं थरथरायला लागलं, दगड तापले की तसं होतं, साठ पॉवरचा मग काही उपयोग नाही, वीसवर आणायचा.

स्कोपबद्दल एवढंच की तो भाड्यानं घेऊ नका. ट्रायपॉडवर बसवायचा भाग ढिला होता, दर वेळी मान टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी पावसानंतर आतून धुकं धरलं. पाऊस रोजचा. इथेही त्याला मान्सूनच म्हणतात, जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बरोबर ढग जमतात आणि विजा पडतात, म्हणून बाराच्या आत धारेवरून उतरायचं, यात काका अजिबात ऐकून घेत नसत. नवऱ्यानं एकदा "अजून दहा मिनिटं" म्हटलं तर काका काही न बोलता सॅक उचलून चालायला लागले.

वाऱ्याचा धडा असाच. त्यांच्या खिशात पावडरची छोटी बाटली, दर पंधरा मिनिटांनी दाबून पावडर कुठे उडते ते बघायचं. सकाळी गार हवा जड असते, ती नाळेतून खाली वाहते, म्हणून तेव्हा जनावराच्या वर जायचं नाही, तुमचा वास त्याच्याकडे जातो. ऊन लागलं की उतार तापतो आणि वारा वर चढायला लागतो, तेव्हा खालून जायचं नाही. मधला अर्धा-पाऊण तास कुठलाही भरवसा नाही, गप्प बसायचं. बसलेला नर याच्याच जिवावर बसलेला असतो, खालचं डोळ्यांनी दिसतं आणि न दिसणाऱ्या बाजूचा वास वारा आणून देतो. दुसऱ्या दिवशी कंपनीनं दिलेली बाटली संपली, मी माझ्या डब्यातलं कॉर्नफ्लोअर भरून दिलं, मस्त चाललं, वास पण नाही.

भाच्यानं ड्रोन देतो म्हटलं होतं, काकांनी ऐकूनच हात जोडले. कोलोराडोत शिकारीसाठी ड्रोननं जनावर शोधणं सरळ बेकायदा आहे.

आता पिना. कंपनीची जाहिरात अशी की तुम्ही पाहिलेल्या आणि "आमच्या टीमनं शोधलेल्या" मोठ्या नरांच्या जागा नकाशावर पिना करून ईमेलनं देऊ, सीझनला सरळ तिथे जा. अकरा पिना आल्या. नवरा तीन आठवडे रात्री लॅपटॉपवर त्या अकरा पिना उघडून बसायचा, मुलं म्हणायला लागली बाबा हरणं मोजतायत.

सीझनला मीही गेले, स्वयंपाकी म्हणून आणि दुर्बीण धरायला, अंगावर गुलाबी जॅकेट घालून, कारण रायफल सीझनला शिकाऱ्याला ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी सक्तीचं आहे पण आता गुलाबीही चालतं, मग मला बंदूक नसली तरी मी कशाला नारिंगी घालू. चार नंबरच्या पिनवर पहाटे पोचलो, तीच पाच नरांची जागा. तिथे आधीच दोघं बसलेले. टेक्सासचे, सभ्य माणसं होती. बोलता बोलता त्यांनी फोन दाखवला, आणि त्यांच्या फोनवर आमच्याच अकरा पिना, त्याच नंबरनं! नवऱ्याचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. म्हणजे एकच जागा किती जणांना विकली देव जाणे.

आणि खोऱ्यात काय होतं? गवत. दोन दिवस गवत. त्याचं कारण मात्र काका ऑगस्टमध्येच बोलले होते, आम्हीच पिनांच्या नादात ऐकलं नव्हतं. ऑगस्टच्या शेवटापर्यंत दिवस बरेच लहान झालेले असतात, नराच्या अंगातले हार्मोन बदलतात, मखमल वाळते, ती तो झाडाझुडपांवर घासून काढतो, शिंग टणक होतं, आणि मग त्याला उघड्यावर राहायची गरज उरत नाही. टोळकं फुटतं, एकेकटे खाली झाडीच्या कडेला सरकतात, उजेडात कमी दिसतात. त्यात धनुष्यबाणवाल्यांचा सीझन चालू असतो, ट्रेकर असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून माजावर आले की अजून वेगळं, तेव्हा माद्या जिथे तिथे नर, आणि बर्फ पडलं की सगळेच खाली. वायोमिंगमध्ये तर रेड डेझर्टपासून होबॅकपर्यंत १५० मैल चालत जाणारी हरणं आहेत, तिथे ऑगस्टची पिन घेऊन नोव्हेंबरात गेलेल्या माणसाचं काय होईल विचार करा. काकांचं वाक्य होतं, की ही जागा पुढच्या ऑगस्टला खरी, पुढच्या महिन्याला नाही, कारण म्यूल डियर उन्हाळ्याची जागा सहसा सोडत नाही, वर्षानुवर्षं तिथेच येतो. हे जाहिरातीत का नाही लिहीत? कारण मग पिना कोण विकत घेणार.

सीझनच्या तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं फोन सॅकमध्ये टाकला आणि काकांसारखं बसला. उत्तरेकडचा उतार, स्प्रूसची कड, मध्ये झाड पडून झालेली छोटी मोकळी पट्टी. सव्वाअकराला सावली सरकली आणि मला झाडाच्या बुंध्याशी एक आडवी रेष दिसली, मग कान. मी! नवऱ्याला बोटानं दाखवायला लागलं. साधारण ३४० यार्डांवर, चांगला नर, शिंगं आता स्वच्छ तपकिरी. पण तोंड आमच्याकडे आणि छातीसमोर फांदी, नवऱ्यानं बार टाकला नाही. वळेल म्हणून थांबलो. वर ढग आला, उतार गार पडला, कॉर्नफ्लोअर सरळ खाली हरणाच्या दिशेनं गेलं, आणि पुढच्या दहा सेकंदांत ते चारही पाय एकदम उचलून स्प्रिंगसारखं उड्या मारत गेलं, झाडीच्या तोंडाशी थांबून एकदा मागे वळून बघितलं, आणि गायब. टॅग कोराच परत आला.

रेटिंग पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन काकांचे आणि अर्धा टेंटचा, टेंट खरंच चांगला होता. शिकायला जायचं असेल तर जा, ट्रायपॉड स्वतःचा न्या, एक रात्र गावात काढा, जेवण सोबत ठेवा. पिनांसाठी जाणार असाल तर ते पैसे चांगल्या दुर्बिणीत घाला. पिना दुसऱ्यांना विकल्याबद्दल मी लिहिलं तर उत्तर आलं, पुढच्या बुकिंगवर दहा टक्के सूट.

नवऱ्याचे पॉइंट परत शून्यावर. तरी पुढच्या ऑगस्टला नुसतं बघायला जायचं ठरलंय, म्हणून काकांना फोन करून विचारलं की तुम्ही परस्पर याल का, कंपनी नको. तर ते म्हणाले, नॅशनल फॉरेस्टचा परवाना नसताना परस्पर पैसे घेऊन नेलं तर माझ्यावर केस होईल, कंपनीतूनच या. म्हणजे परत त्यांनाच १८००. दहा टक्के सूट धरून १६२०.