जुनी खिडकी दुरुस्त करावी की नवी बसवावी? मराठवाड्यातल्या घरांसाठी तुलना

मराठवाड्यात उन्हाळ्याचे तीन-चार महिने खिडकीला दोन उलटी कामं करावी लागतात. सकाळी दहानंतर ऊन आणि फफुटा बाहेरच अडवायचा, आणि रात्री भिंती तापलेल्या असताना मिळेल तेवढा वारा आत घ्यायचा. जुनी ठेवायची की काढायची, हे ठरवताना मी आधी एवढंच बघते: दिवसा घट्ट मिटेल आणि रात्री सगळी उघडेल अशी खिडकी कोणती? दिसण्याचा विचार त्यानंतर.

परभणीच्या आमच्या घरात दोन्ही प्रकार आहेत. पश्चिमेच्या खोलीत सागवानी झडपा काढून ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली. मधल्या खोलीची जुनी खिडकी सुताराकडून नीट करून घेतली. पश्चिमेचा निर्णय चुकला, असं आज मला ठामपणे वाटतं. काच छान, पल्ले हलके, धूळही कमी. पण दुपारी तीननंतर ऊन काचेतून थेट पलंगावर उतरतं. लाकडी झडप ते बाहेरच अडवत होती. आतून जाड पडदा लावला, पण फारसा उपयोग झाला नाही. एकदा काचेच्या आत आलेलं ऊन पडदा तापवतं आणि ती धग खोलीतच राहते. बाहेरच्या बाजूने बांबूची चटई सोडली तेव्हा कुठे खोलीत बसता यायला लागलं.

आता रात्रीचा हिशेब. चार बाय चारची खिडकी म्हणजे 16 चौरस फूट. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कशीही सरकवा, फार तर 8 चौरस फूट मोकळी होते. जाळीसाठी तिसरा ट्रॅक घेतला तरी तेच. बिजागरीच्या झडपा मात्र जवळजवळ पूर्ण उघडतात. राष्ट्रीय इमारत संहितेत कोरड्या-उष्ण हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश खिडकी सांगितली आहे. 10 बाय 12च्या खोलीला 12 चौरस फूट. कागदावर आमची खिडकी त्यात बसते, पण वारा येतो तो 8 चौरस फुटांतूनच. म्हणून बदलायचीच असेल तर ॲल्युमिनियम असो की यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक), बिजागरीवर उघडणारे पल्ले मागा. गज आणि जाळी कुठे येणार, पल्ला कोणत्या बाजूला उघडणार, हे ऑर्डर देण्याआधी ठरवा.

दुरुस्ती परवडेल का, हे पेचकसाने कळतं. चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत टोक दाबून पाहा. लाकूड टणक लागलं तर खिडकी वाचणारी आहे. सैल बिजागरी, निखळलेली कडी, फुटलेलं तावदान ही सुताराची एखाद-दोन दिवसांची कामं. स्क्रू धरत नसेल तर भोकात फेव्हिकॉल लावून लाकडाची खुंटी ठोकायची आणि त्यातच नवा स्क्रू पिळायचा. कोपरा तेवढाच कुजला असेल तर तो कापून नवा तुकडा सांधता येतो. पेचकस आत रुतत गेला आणि उभ्या बाजूही ठोकल्यावर पोकळ वाजल्या, तर मात्र रंधा-रंगावर पैसे घालू नका, चौकट बदला. वाळवी असेल तर आधी भिंतीचा आणि जमिनीचा बंदोबस्त. ॲल्युमिनियम ती खाणार नाही, पण शेजारचं कपाट खाईल.

एक चूक फार घरांत होते. पावसाळ्यात झडप फुगते, लागत नाही, म्हणून तेव्हाच रंधा मारून घेतात. एप्रिलात लाकूड वाळून आकसतं आणि बोटभर फट पडते, मग तिथून दिवसभर गरम झळ आणि धूळ. हे काम दिवाळीनंतर करावं.

लोखंडी खिडक्या तळाशी गंजतात. गंज वरवरचा असेल तर घासून रेड ऑक्साइडचं गंजरोधक अस्तर, मग रंग, आणि काचेभोवती नवी लांबी (पुट्टी). पट्टीच खाऊन गेली असेल तर वेल्डिंगची ठिगळं फार टिकत नाहीत.

नवी खिडकी खरंच सरस ठरते ती रस्त्याकडेच्या घरात. गाड्यांचा आवाज आणि धूळ रोखायला रबरी पट्टीचे घट्ट पल्ले लाकडापेक्षा चांगले. उत्तरेच्या भिंतीला ऊन कमी, तिथे काचेचाही त्रास नाही. भाव घेताना काचेची जाडी, जाळी, गज आणि फुटलेल्या गिलाव्याची डागडुजी त्यात धरली आहे का, एवढं विचारा; चौरस फुटाचा आकडा एकटा काही सांगत नाही.

दगड-मातीच्या जुन्या भिंती असतील, तर भाव आणि सोय दोन्ही बाजूला ठेवा. 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपात अशाच जाड भिंती माणसांवर कोसळल्या. अशा भिंतीतून चौकट उपसली की वरचे दगड सुटू शकतात, आणि खिडकी रुंद केली की भिंत आणखी कमजोर होते. मजबूत असेल तर आहे ती चौकट राखा. काढावीच लागली तर आधी वरचा भार टेकू देऊन धरायला लावा आणि अभियंत्याला दाखवा.

आमच्या काढलेल्या झडपा मी भंगारात दिल्या नाहीत. माळ्यावरून खाली घेऊन परवा पेचकस लावून पाहिला, लाकूड अजून टणक आहे. दिवाळीनंतर सुतार नवी चौकट करून त्या पश्चिमेच्या काचेबाहेर बसवणार आहे.